काटकोनाचा तारा

वरच्या अक्कांनी आयुष्याची साठ वर्षं एकदाही बर्फ पडताना पाहिला नव्हता; पण नुंगंबाक्कमच्या आमच्या गल्लीत रोज पहाटे त्यांच्या चिमटीतून बर्फ पडायचा. तांदळाच्या पिठीचा. सूर्य उगवायच्या आत फाटकासमोरच्या सडा घातलेल्या जमिनीवर कधी सहा हातांचा तारा उमटलेला असे, कधी सुयांची जुडी, कधी नुसतीच सहा कोनांची चकती. नऊच्या सुमारास मुंग्या यायच्या. अक्कांचा बर्फ वितळत नसे, तो एकेक कण करून मुंग्यांच्या घरी जात असे.

ईशान, सई, तुम्हाला त्या आठवणार नाहीत. सई तर तेव्हा जन्मलीही नव्हती. ईशान, तू वर्षाचा असताना आईबरोबर इथे आला होतास आणि एका सकाळी त्यांच्या कोलमवरून, म्हणजे दारातल्या पिठीच्या रांगोळीवरून, थेट रांगत गेला होतास. मी ओरडले. अक्का मात्र तुझे पांढरे झालेले गुडघे बघून म्हणाल्या, "राहू दे हो. बघा, पोरगं बर्फात चाललं." आज तू खरोखर बर्फातून शाळेत जातोस, म्हणून हे तुम्हाला लिहून ठेवते आहे. आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगेन.

तुमच्या आजोबांची बँकेत बदली झाली आणि आम्ही नाशिकहून चेन्नईला आलो, तेव्हा हे दुमजली घर भाड्याने मिळालं. खाली आम्ही, वर त्या. म्हणून त्या 'वरच्या अक्का'. एका बायकांच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या पितळी भांड्यासारखी होती: वजनदार, मधूनच चमकणारी, आणि तिच्यावर तमिळचे ठसे उमटलेले. 'मला' ऐवजी त्या 'मज' म्हणत, 'बरं' ऐवजी 'सरी', 'बाळा' ऐवजी 'कण्णा'. मी इथे त्यांचं बोलणं तुम्हाला कळेल इतपत सरळ करून लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, "काय सुंदर रांगोळी काढता हो तुम्ही!"

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "रांगोळी नव्हे. वजा पंधरा."

"म्हणजे?"

"वजा पंधरा अंशाला ढगात ओल भरपूर असली की असा तारा होतो. काल घातलेलं ते वजा पाच होतं. तुमच्या नवऱ्यानं त्यावर स्कूटर घातली."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, फडताळातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवणारी बाई. दारातल्या रांगोळीला तापमान असतं हे ऐकून मी त्याच दिवशी एक वही केली. रोज सकाळी अक्कांचा कोलम पेन्सिलने उतरवायचा, खाली तारीख आणि अंश लिहायचे. अक्का मला 'नाशिकबाई' म्हणत. वही पाहिल्यावर म्हणाल्या, "नाशिकबाईंच्या घरी बर्फसुद्धा ओळीत पडतो."

वहीतली माझी पहिली आकृती त्यांनी तपासली आणि खोडरबर मागितला. तारा तर मी हुबेहूब काढला होता, पण त्याच्या हातांना फुटलेल्या लहान काड्या जरा आडव्या झाल्या होत्या. "साठ अंश," त्या म्हणाल्या. "काडी फुटेल ती साठ अंशातच. पाण्याचे कण थिजताना सहा-सहाच्या रिंगणात एकमेकांचे हात धरतात, मग पुढं जे काय वाढेल ते त्याच हिशेबानं. हाताला काडी, काडीला काडी, सगळं साठ. काटकोनात फुटलेली काडी आभाळातून पडत नाही. ती माणसाच्या हातातून पडते."

मी कंपासपेटीतला कोनमापक आणला. त्या खूश झाल्या.

हळूहळू त्यांनी मला सगळं शिकवलं. समोर पितळेच्या वाटी-पेल्यात कॉफी, एका हातात पिठीचा डबा. बर्फाचा स्फटिक म्हणजे गोठलेला पावसाचा थेंब नव्हे, हे पहिलं. ढगातली वाफ पाणी न होताच थेट बर्फ होते, आणि त्यासाठी तिला धरायला काहीतरी लागतं, धुळीचा एखादा कण. "प्रत्येक ताऱ्याच्या पोटात थोडी माती असते. म्हणून तो होतो." मग त्या कणाभोवती एक इवलीशी षट्कोनी चकती बनते. चकतीचे सहा कोपरे ओलसर हवेत जरा पुढे आलेले असतात, त्यांना वाफ आधी मिळते, म्हणून ते आणखी पुढे जातात, म्हणून त्यांना आणखी मिळते. असे सहा हात निघतात. हवा कोरडी असेल तर हात निघतच नाहीत, चकती चकतीच राहते. शून्याच्या जरा खाली पातळ चकत्या, वजा पाचाच्या आसपास सुया आणि खांब, वजा पंधराला तारे, आणखी थंडीत पुन्हा चकत्या आणि खांब. असं का होतं, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते पुरतं कोणास ठाऊक नाही. मज तर मुळीच नाही. पण होतं."

मी विचारलं, "सहाही हात सारखे कसे? एकाला दुसऱ्याचं काय कळतं?"

"काही कळत नाही. ते एकमेकांस विचारत नाहीत. पण सहाही जण एकाच हवेतून आले, तीच थंडी खाल्ली, तीच ओल. म्हणून सारखे दिसतात. घरातली भावंडं पाहा की." मग म्हणाल्या, "आणि तेसुद्धा पुस्तकात. खरे तारे बहुतेक मोडके असतात. एकावर एक आपटतात, वाऱ्यात हात तुटतात, थिजलेले थेंब चिकटून ओबडधोबड होतात. शंभरात एखादा सुबक."

हे त्यांना कसं माहीत, तर राजूमुळे.

राजू त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बारा वर्षांचा असताना वडील गेले. अक्कांनी प्रयोगशाळेतल्या नोकरीवर त्याला इंजिनियर केलं आणि तो बफेलोला गेला, जिथे म्हणे वर्षातले पाच महिने बर्फच असतो. पहिल्या वर्षी त्याचे फोन यायचे, पण मायलेकांना बोलायला काही सापडत नसे. "जेवलास कां?" "जेवलो." "बरा आहेस?" "बरा आहे, अम्मा." की संपलं. फोनचं कार्ड शिल्लक राही आणि शब्द संपत. मग एकदा अक्कांनी विचारलं, "आज बाहेर काय पडलं रे?" तो म्हणाला, "बर्फ." त्या म्हणाल्या, "ते मज ठाऊक आहे. कोणता?"

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी त्याला पार्सल पाठवलं: एक भिंग आणि काळ्या मखमलीचा ब्लाउजपीस. मखमल बाहेर गारठ्यात ठेवायची, तिच्यावर बर्फ झेलायचा, भिंगातून बघायचा आणि आत येऊन आईला सांगायचं. पहिल्यांदा त्याने मखमल खिशात गरम करून नेली आणि सगळे तारे क्षणात पाणी झाले, त्याबद्दल सातासमुद्रापार बोलणी खाल्ली. पण मग जमलं. बुधवारी आणि रविवारी, इथे पहाटे साडेपाचला, वर फोन वाजायचा. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असायची. "अम्मा, आज सगळा चुरा. एक धड नाही." "आज सुया, गवत कापून टाकल्यासारख्या." "आज एक मिळाला, अम्मा, खांबाच्या दोन्ही टोकांना चकत्या, दोऱ्याच्या रिळासारखा." त्या दिवशी अक्का जिना जवळजवळ धावत उतरल्या. तो रीळ आधी एका थंडीत खांब म्हणून वाढला आणि मग खाली येताना दुसऱ्या थंडीत शिरून चकत्या झाला, म्हणजे त्याच्या अंगावर त्याचा सगळा प्रवास लिहिलेला होता. "वाचता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

फोन झाला की राजूच्या अंगणात जे पडलं ते आमच्या दारात उमटे. फोन नसेल त्या दिवशी अक्का नुसती षट्कोनी चकती काढत. बिनहाताची. "ओल नाही तर हात कोठून फुटणार?" त्यामुळे साऱ्या गल्लीला त्यांची खबर कळे. फूलवाली टोपली उतरवायच्या आधी जमिनीकडे बघायची आणि मला तमिळमध्ये विचारायची, "आज पोराचा फोन नाही वाटतं?" मग ती अक्कांना गजरा हातभर जास्त द्यायची.

एकदा अक्कांनी ठरवलं की खरा तारा एकदा तरी डोळ्यांनी पाहायचा. त्यासाठी सुका बर्फ, म्हणजे ड्राय आइस, हवा होता, तो जॉर्ज टाउनमध्ये एका मासळी निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे मिळाला. गल्ल्यावरच्या माणसाने विचारलं, "अम्मा, आइस्क्रीमचा धंदा?" अक्का म्हणाल्या, "नाही, ढगाचा." वर्तमानपत्रात गुंडाळलेली लादी थर्मोकोलच्या खोक्यात घालून आम्ही रिक्षात बसलो. पाच मिनिटांत खोक्याच्या फटीतून पांढरी वाफ निघून रिक्षावाल्याच्या पायाशी आली. "पोगै! अम्मा, पोगै!" धूर, धूर, म्हणून तो रिक्षा सोडून पळाला आणि पलीकडच्या दुकानातून बादलीभर पाणी घेऊन आला. "ओतलंस तर सगळा रस्ता ढगात जाईल," असं अक्कांनी बजावल्यावर मात्र तो बादली हातात धरून तसाच उभा राहिला.

त्याची समजूत पटेपर्यंत आम्ही फुटपाथवर थांबलो होतो, तेव्हा अक्कांनी समोरच्या बोळाकडे बोट केलं. "तिथं आम्ही राहत होतो. राजूचे बाबा बंदरातल्या कचेरीत होते. तो निळा दरवाजा पाहा. त्या दारात मी पहिला तारा घातला." राजूचा दहावा वाढदिवस होता. काय हवं विचारलं तर म्हणाला, बर्फ पाहिजे. मद्रासमध्ये बर्फ! अक्कांनी कॉलेजच्या एका पुस्तकातलं चित्र ओझरतं पाहिलं होतं, त्यावरून पहाटे उठून दारभर एक मोठा तारा काढला. सहा हात, हाताला तीन-तीन काड्या, टोकाला एकेक पाकळी. "पण काड्या काटकोनात घातल्या की हो! मज कोठं ठाऊक. तो दिवसभर दाराशी बसला, मुंग्या हाकलत. पुढं आमच्या प्रोफेसरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, असा तारा जगात कोठंच पडत नाही." आणि त्या खूप हसल्या.

घरी आल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या एका बाटलीचा तळ कापला, तिथे ओला स्पंज टाचला, बाटली उलटी करून आत मासे धरायचा बारीक दोरा सोडला आणि बाटलीच्या खालच्या भागाभोवती सुका बर्फ ठासला. मग आम्ही दोघी दोन स्टुलांवर बसलो. वर पंखा गरगरत होता, आमच्या पाठी घामाने भिजल्या होत्या, आणि तासाभराने त्या दोऱ्यावर मधोमध पांढरी लव फुटली. अक्कांनी भिंग लावलं.  मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "साठ." काड्या खरोखर साठ अंशात होत्या. मी म्हणाले, "पाहिलात ना शेवटी!" त्या म्हणाल्या, "हा बांधलेला आहे हो, दोऱ्याला. मज पडणारा पाहिजे. जो राजूच्या बाहीवर पडतो तो."

त्यापुढचा हिवाळा आला. दिवाळीनंतर राजूचे फोन नेमाने येत होते, आणि काय हिवाळा होता तो! तारा, तारा, पुन्हा तारा. कधी पाकळीदार, कधी नेच्याच्या पानांसारखा. आमची गल्ली मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, इतकी देखणी कधीच दिसली नव्हती. येणारेजाणारे वळसा घालून जात. माझ्या वहीची पानं तर छापल्यासारखी दिसू लागली. एका रविवारी मी ती अक्कांना अभिमानाने दाखवली. "बघा, ओळीने अकरा फोन आणि अकरा तारे. एकही मोडका नाही."

अक्कांनी वही हातात घेतली. एकेक पान उलटलं. माझी अपेक्षा होती की त्या चिडवतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाशिकबाई," त्या म्हणाल्या, "आभाळ इतकं शहाणं नसतं."

"म्हणजे?"

"अकरा वेळा सगळं सुबक? चुरा नाही, सुया नाहीत, एकदासुद्धा 'अम्मा, आज काही पडलं नाही' असं नाही?" त्या उठून वर गेल्या आणि आठवड्याभराची वर्तमानपत्रं घेऊन आल्या. जगातल्या शहरांचं तापमान छापतात तो रकाना काढला. बफेलो त्यात नव्हतं. जवळचं एक मोठं शहर होतं. तिथे चार दिवस शून्याच्या बरंच वर आणि पाऊस. मी म्हणाले, दुसऱ्या गावावरून काय कळतं? आणि वर ढगात थंडी असेलच की. त्या म्हणाल्या, "असेल. असूही शकेल." पण वही त्यांनी माझ्याकडे परत दिली नाही.

बुधवारी पहाटे त्यांनी मला वर बोलावलं. फोन आला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"अम्मा, आज फार छान होता," राजूचा आवाज आला. "सहा हात. प्रत्येक हाताला तीन-तीन काड्या. टोकाला पाकळी."

"काड्या कशा रे, कण्णा?"

"सरळ. हाताला अगदी काटकोनात."

 "सरी," एवढंच म्हणून, थंडीची काळजी घे सांगून त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "तो बाहेर जात नाही. त्याच्यापाशी बर्फच नाही. तो माझं दार आठवून सांगतो आहे."

 माझी सगळी सुंदर पानं, ती अकराच्या अकरा, बफेलोची नव्हतीच. ती जॉर्ज टाउनच्या निळ्या दरवाजासमोरची होती. आठवणीतले आईचे कोलम तो एकेक करून आईलाच परत सांगत होता, आणि आठवणींचा साठा संपत आल्यावर त्याने अगदी पहिला, चुकलेला काढला होता.

"सरळ विचारा त्याला," मी म्हणाले. "कुठे आहेस, काय झालंय, म्हणावं."

"विचारलं तर म्हणेल, सगळं बरं आहे. त्यास वाटतं की बर्फ थांबला तर मी घाबरेन. त्याच्यावर किती जड झालं असेल हो, दर खेपेस नवा तारा आणायचा!"  त्या दिवशी आमच्या दारात काहीच उमटलं नाही. चकतीसुद्धा नाही. फूलवाली टोपली न उतरवताच जिन्याकडे बघत राहिली.

रविवारचा फोन येईपर्यंतचे चार दिवस त्या धड जेवल्या नाहीत. मुलगा आजारी आहे का, एकटा आहे का, कुठल्या गावात आहे, काहीच कळायला मार्ग नव्हता. त्यांच्याकडे त्याचा जो जुना नंबर होता तो लागत नव्हता. फोन वाजला तेव्हा मी शेजारीच होते.

"अम्मा, आज इथे—"

"राजू, थांब. तुझ्याकडं काय पडलं ते आज नको. माझ्याकडं काय पडलं ते ऐक." त्यांचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा, एकसारखा होता. "निळ्या दरवाजासमोर एक तारा पडला. सहा हात. तीन-तीन काड्या, काटकोनात. एक पोरगं चड्डी वर ओढत तिथं बसलं आहे. दहा वर्षांचं. मुंग्या हाकलतं आहे. त्याची आई म्हणते, आत ये, पायसम थंड होतं. तर म्हणतं, अम्मा, हा वितळेल."

 मला वाटलं, फोन कटला.

"अम्मा," मग आवाज आला, "इथे बर्फ पडत नाही."

"कळलं रे, कण्णा."

"नोकरी गेली, अम्मा. दिवाळीच्या आधीच. आमच्या सगळ्या टीमलाच काढलं. मी टेक्सासमध्ये आलोय, मित्राकडे. एका खोलीत चौघं. इथे गरम आहे."

"जेवलास कां?"

तो रडला. एवढा मोठा मुलगा, आणि मला तिथून उठून जावं की बसावं कळेना. अक्का फोन घट्ट धरून बसल्या होत्या. तो थांबल्यावर म्हणाल्या, "ऐक. गरम असेल तर गरम सांगायचं. पाऊस असेल तर पाऊस. काही पडलं नाही, तर काही पडलं नाही. मज तारे नकोत. मज तुझ्याकडची हवा पाहिजे. समजलं?"

"समजलं."

"आणि काडी साठ अंशात असते. एवढं शिकवलं ते फुकट गेलं."

तो रडता रडता हसला, तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला.

मग त्या खाली उतरल्या. उजाडायला आलं होतं. त्यांनी सडा घातला आणि फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत एक भलामोठा तारा घातला. सहा हात, टोकाला पाकळ्या, आणि सगळ्या काड्या काटकोनात. त्यांनी परत दिलेली वही आणि पेन्सिल घेऊन मी उभी होते. सवयीने बोलून गेले, "अक्का, चुकलंय हे."

"चुकलं असू दे," त्या पाठ सरळ करत म्हणाल्या. "पोचलं ना!"

माझ्या वहीत त्या पानावर अंश लिहिलेले नाहीत. ते एकच पान असं आहे.

राजू त्यानंतर खरं ते सांगत राहिला. "अम्मा, आज धूळ." "आज मुलाखत होती, बरी गेली नाही." अक्का दारात धूळ कशी काढणार? त्या दिवशी त्या ठिपकेच ठिपके घालत. दीड वर्षाने त्याला पुन्हा बर्फाच्या गावात नोकरी मिळाली आणि त्याने आईला बोलावून घेतलं. आम्ही दोघींनी स्वेटर शोधत अर्धी चेन्नई पालथी घातली. निघताना त्यांनी पिठीचा डबा माझ्या हातात दिला. "तुमचा हात जरा कडक आहे," म्हणाल्या, "पण कोन बरोबर असतात." टॅक्सी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. त्या दिवशी दारात अजून त्यांचाच कोलम होता आणि मी संध्याकाळपर्यंत कोणाला त्यावर पाय ठेवू दिला नाही.

नोव्हेंबरात पहाटे साडेपाचला आमचा फोन वाजला. "नाशिकबाई, पडला!"

"कोणता?"

"कचरा हो! नुसता चुरा. एक धड तारा नाही. तासभर बाहेर उभी होते. राजू ओरडतो आहे, मी आत जात नाही." त्यांचं नाक चोंदलेलं होतं, आणि इतकं आनंदी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पुढे त्याच विचारू लागल्या, "दारात काय घातलंत आज?" मी सांगायची. एकदा मी म्हणाले, काही नाही, गुडघा धरलाय, पलीकडच्या मुलीनेच दोन रेघा ओढल्या. तर म्हणाल्या, "सरी. असंच सांगायचं." मग जरा वेळाने, "मुंग्या येतात कां अजून?" तिथल्या बर्फाला मुंग्या येत नाहीत, याचं त्यांना फार चुकल्यासारखं वाटे.

दुसऱ्या हिवाळ्यात राजूचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "राजू, बाहेर काय पडतंय रे?" बोलले आणि माझीच मला लाज वाटली. पण तो म्हणाला, "थांबा, मामी." दार उघडल्याचा आवाज आला. वाऱ्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने दार लागलं.

"सुया, मामी. नुसत्या सुया."

मी पिठीचा डबा घेऊन खाली बसले आणि दारभर सुया घातल्या. फूलवालीने पाहिल्या. तिने टोपलीतला एक अख्खा गजरा सोडून त्या सुयांवर फुलं ठेवली.

आता दुसरं कारण सांगते. दर रविवारी तुम्ही दोघं फोन करता. मी विचारते, कसं चाललंय? ईशान म्हणतो, "सगळं छान, आजी." सई म्हणते, "सगळं छान." गेल्या पावसाळ्यापासून एकदाही यात बदल नाही. ईशान, तुझ्या शाळेत काहीतरी बिनसलंय, हे मला तुझ्या आईकडून नाही, या 'छान'च्या सुबकपणावरून कळलं. मी रागावलेली नाही. पण मी अक्कांच्या खाली सहा वर्षं राहिले आहे.

या पत्राबरोबर एक भिंग आणि काळ्या मखमलीचा तुकडा पाठवते आहे. मखमल खिशात ठेवू नका. रविवारी फोन करण्याआधी दोघं बाहेर जाऊन या आणि जे पडलं असेल ते मला सांगा. मोडकं असेल तर मोडकं. माझा गुडघा आता फार वेळ वाकत नाही, तेव्हा मोठे तारे जमायचे नाहीत. चुरा जमतो.